हॅलोवीनच्या तरटी उशीची शिवण दरवर्षी का उसवते?

तरटावर भोपळा, वटवाघूळ किंवा काळं मांजर शिवलेली खडबडीत उशी हॅलोवीनला हमखास केली जाते. तिची तक्रारही ठरलेली असते. ३१ ऑक्टोबर जवळ आला की उशी बाहेर निघते आणि चार-आठ दिवसांत एखादा कोपरा किंवा एखादी बाजू उसवते. वरून टीप मारली की थोडे दिवस टिकते, मग त्याच्याच बाजूला पुन्हा फट पडते. पुन्हा टीप मारून हा प्रश्न सुटत नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा टिपेत नसतो, कापडात असतो.

आधी उसवलेली जागा नीट उजेडात पाहा. शिवणीचा दोरा अखंड असेल आणि त्याला तागाचे तीन-चार धागे चिकटून आले असतील, तर शिवण तुटलेली नाही, कापड तिच्यातून निसटलंय. दोरा जागोजागी तुटला असेल तर दोरा कमकुवत आहे किंवा ताण चुकलाय. टिपेच्या ओळीवर कापड सरळ रेषेत फाटलं असेल तर टाके फार दाट पडलेत आणि सुईच्या भोकांनी कापड कापलं गेलंय. तरटाच्या उशीत बहुतांश वेळा पहिलाच प्रकार दिसतो.

तरटाची वीण विरळ असते आणि तागाचा धागा ताठ असतो. सुती कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरतात, तरटात ते नुसते एकावर एक टेकलेले असतात. उशी भरली की शिवणीवर बाहेरच्या बाजूला ओढ बसते. शिवणीला समांतर असलेले धागे त्या ओढीने हळूहळू कापडाच्या कडेकडे सरकतात आणि शेवटी टाक्यासकट बाहेर पडतात. म्हणून पाऊण सेंटिमीटर माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) सोडून शिवलेली तरटाची उशी टिकणं अवघड आहे, मग दोरा कितीही मजबूत असो. उशी खडबडीत दिसायला हवी, पण तो खडबडीतपणा वरच्या अंगाला ठेवा. आतली बांधणी सुती कापडावर उभी राहिली पाहिजे.

अस्तर: मुख्य उपाय

तरटाला मागून मांजरपाटाचं (साध्या, घट्ट विणीच्या सुती कापडाचं) अस्तर लावायचं आणि यापुढे ते दोन थर एकच कापड समजून शिवायचे. शिवणीतला टाका मांजरपाटाला धरतो, तरट वर दिसण्यापुरतं राहतं. उशीचा भार ज्याच्यावर येतो ते कापड घट्ट विणीचं असल्यामुळे सरकण्याची जागाच राहत नाही. याच अस्तरामुळे आतल्या उशीचा रंग तरटाच्या भोकांतून दिसत नाही आणि भरावाचे तंतूही बाहेर येत नाहीत.

४५ × ४५ सेंटिमीटरच्या आतल्या उशीसाठी मापं अशी ठेवा. अभ्रा तयार झाल्यावर ४४ सेंटिमीटर असावा. उशीपेक्षा एक सेंटिमीटर लहान असला की झोल पडत नाही. सुती अभ्र्याला दोन-तीन सेंटिमीटरनी लहान ठेवण्याची पद्धत आहे, ती इथे वापरू नका. तरट ताणत नाही, त्यामुळे जास्त घट्ट केलं की सगळी ओढ शिवणीवर जाते. चारही बाजूंना २ सेंटिमीटर माया धरा. म्हणजे उशीच्या पुढच्या बाजूचा तुकडा ४८ × ४८. पण तरट आणि अस्तर दोन्ही सुरुवातीला ५२ × ५२ कापा आणि जोडून झाल्यावर ४८ वर आणा, कारण जोडताना तरट थोडं सरकतंच.

पाठ तरटाची करू नका. जाड सुती कापडाचे ४८ × ३४ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची एक लांब कड आधी १ आणि मग ३ सेंटिमीटर दुमडून टीप मारा. दोन्ही तुकडे एकमेकांवर १२ सेंटिमीटर चढतात. हा चढाव ७-८ सेंटिमीटरच ठेवला तर उशी घातल्यावर पाठीमागे तोंड उघडं पडतं. त्यावर बटण लावलं तरी बटणाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. चढाव वाढवणं हा सरळ उपाय आहे.

मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन घ्या. त्यातली खळ निघून जाते आणि जे आकसायचं ते आधीच आकसतं. तरट मात्र धुऊ नका. पाण्यात ते वेडंवाकडं आकसतं, धागे सुटतात आणि मशिनमध्ये घातलं तर तागाचा चुरा गाळणीत अडकतो. त्यावर वाफेची इस्त्री फिरवून पूर्ण गार होऊ द्या, तेवढं पुरे. नव्या तरटाला रॉकेलसारखा वास येतो, तो ताग मऊ करण्यासाठी सूत काढताना लावलेल्या तेलाचा असतो. दोन-तीन दिवस वाऱ्यावर, सावलीत टांगून ठेवलं की तो बराच कमी होतो. कडक उन्हात मात्र टांगू नका. उन्हाने ताग पिवळट पडतो आणि कमजोरही होतो.

तरट सरळ कापण्यासाठी खडूची रेघ कामाची नाही, ती धाग्यांच्या भोकांत हरवते. कापायच्या जागचा एक धागा टोकाशी पकडून हळूहळू पूर्ण ओढून काढा. जी रिकामी रेघ दिसेल तिच्यावर कात्री चालवा. चारही बाजूंना असंच करा. हा टप्पा टाळला तर तुकडा डोळ्यांना चौकोनी दिसतो, पण धागे तिरके असतात आणि महिन्याभरात उशीचा एक कोपरा पुढे आल्यासारखी ती पिळवटते. तसं झालं की शिवण उसवून काही उपयोग नाही, पुढचा तुकडाच नव्याने कापावा लागतो.

आता अस्तर टेबलावर पसरा, वर तरट ठेवा आणि मध्यापासून कडांकडे हाताने सपाट करत न्या. मधोमध उभा-आडवा आणि दोन्ही कर्णांवर कच्चा धावदोरा घाला, पाच-पाच सेंटिमीटरचे टाके चालतील. टाचण्यांवर विसंबू नका, तरटाच्या भोकांतून त्या घसरून पडतात. मग अस्तराच्या बाजूवर पेन्सिलने ४८ सेंटिमीटरचा चौकोन आखा. त्या रेघेच्या आत १ सेंटिमीटरवर चौफेर टीप मारा. टीप मारल्यानंतरच ४८ च्या रेघेवर कापा. क्रम उलटा झाला तर कापता-कापताच दशा सुटायला लागतात. कापलेल्या कडेवर ४-५ मिलिमीटर रुंदीची झिगझॅग चालवा किंवा इंटरलॉक करून घ्या.

सजावट याच टप्प्यावर करायची, पाठ जोडण्याआधी. तिच्याबद्दल पुढे येतं.

शेवटची शिवण घालताना सुलट बाजू आत ठेवून पुढचा भाग आणि पाठ एकमेकांवर ठेवा. अस्तर वरच्या बाजूला येईल असं धरा आणि त्यावर कडेपासून २ सेंटिमीटरवर रेघ आखा, म्हणजे ती डोळ्यांसमोर राहते. पहिली टीप रेघेवर, टाका अडीच मिलिमीटर. दुसरी टीप मायेच्या बाजूला ३ मिलिमीटर सोडून. पाठीचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथे शिवणीवर सर्वांत जास्त ओढ येते, उशी आत-बाहेर करताना तर फारच. तिथे पुढे-मागे करून तीनदा टीप द्या.

टाके सुटणं, दोरा तुटणं, कापड अडकणं

सुई १६ नंबरची, जीन्ससाठी मिळते ती. दोरा पूर्ण पॉलिएस्टरचा. साध्या बारीक सुती दोऱ्याला ताग घासतो आणि काही दिवसांत तो तुटतो. अस्तर नसताना टाके सुटतात, कारण सुई कधी धाग्यात शिरते तर कधी भोकातून नुसतीच खाली जाते. भोकातून गेली की तिच्याभोवती दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि खालचा हूक तो पकडू शकत नाही. अस्तर लावल्यावरही टाके सुटत असतील तर सुई बदला. ताग सुईचं टोक लवकर बोथट करतो, म्हणून प्रत्येक उशीला नवी सुई घेतलेली बरी.

वरचा थर पुढे सरकून शेवटी एक-दोन सेंटिमीटर उरत असेल तर मशिनच्या पायाचा दाब कमी करा. वॉकिंग फूट (वरचा आणि खालचा थर बरोबरीने पुढे नेणारा मशिनचा पाय) असेल तर तोच लावा. नसेल तर कच्चा धावदोरा न चुकता घाला.

तरट शिवताना बारीक चुरा पडतो आणि तो मशिनच्या कापड सरकवणाऱ्या दातांखाली व बॉबिनच्या घरात साठतो. एक उशी झाली की प्लेट काढून ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकू नका, चुरा आणखी आत जातो. अचानक ताण बिघडला, खालून दोऱ्याचे गुंते येऊ लागले, तर ताणाच्या बटणाला हात लावण्याआधी हा चुरा पाहा. बरेच तुकडे एका बैठकीत कापायचे असतील तर तोंडाला मास्क लावा.

कोपरे

कोपरे कानासारखे टोकदार निघून रिकामे राहतात ही जवळजवळ प्रत्येक उशीची अडचण. भराव कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तरट ताठ असल्यामुळे ते टोक आणखी उठून दिसतं. शिवण्यापूर्वी रेघ बदला: प्रत्येक कोपऱ्यात रेघेपासून दीड सेंटिमीटर आत खूण करा आणि दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर अंतरावरच्या मूळ रेघेला ती हलक्या उताराने जोडा. अशी शिवलेली उशी भरल्यावर चौकोनी दिसते, सरळ काटकोनात शिवलेली मात्र चांदणीसारखी दिसते. वळताना सुई खाली ठेवून एकदम काटकोनात फिरू नका, टोकावर एक-दोन टाके तिरके घ्या. आणि सुती कापडाला कोपऱ्याची माया टिपेजवळ कापतात तशी इथे कापू नका. निदान ७-८ मिलिमीटर ठेवा. उसवण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. जाड वाटलं तर माया आत दुमडून दोन टाके घाला.

भोपळ्याभोवती चुण्या पडणं

नारिंगी कापडाचा भोपळा तरटावर शिवला आणि त्याच्याभोवती कापड गोळा झालं, तर बहुतेक वेळा धाग्यांची दिशा जुळलेली नसते. भोपळ्याचे उभे धागे आणि तरटाचे उभे धागे एकाच दिशेने ठेवा. तिरका कापलेला तुकडा टाचताना ताणतो आणि सुटल्यावर मागे येतो, येताना तरटालाही ओढतो. शिवताना मागे पातळ कागद ठेवला तर फायदा होतो, नंतर तो फाडून काढा. आधी मधल्या फाकांच्या रेघा शिवा, मग बाहेरची कड. उलट केलंत तर सगळा फुगवटा मध्ये अडकून बसतो.

इस्त्रीने चिकटणारी जाळी तरटावर भरवशाची नाही. तरटाचा पृष्ठभाग उंचसखल असल्यामुळे ती फक्त उंचवट्यांना चिकटते, उरलेला डिंक भोकांतून खाली जातो. ती जाळी भोपळ्याला आडवं-तिडवं सरकू न देण्यापुरती समजा, धरून ठेवण्याचं काम टाक्याचंच. फेल्ट वापरत असाल तर इस्त्री लावण्याआधी ते कशाचं आहे ते बघा. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं फेल्ट गरम इस्त्रीखाली आकसतं आणि चकाकतं. वर सुती कापड ठेवून, मध्यम उष्णतेवर, थोडा थोडा वेळ दाबा.

कड कच्ची ठेवून दशा काढायच्या असतील तर कडेपासून ६ मिलिमीटर आत दोनदा टीप मारा, दुसरी पहिलीच्या थोडी वर-खाली जाऊ दिली तरी छान दिसते. मग सुईने कडेचे धागे सोडा, टिपेपाशी ते थांबतात. नुसती एक सैल टीप असेल तर दशा टिपेच्याही आत घुसतात. हाताने काजाटाका घालायचा असेल तर भरतकामाच्या दोऱ्याचे सहापैकी तीन पदर घ्या आणि टाक्यांत ५-६ मिलिमीटर अंतर ठेवा. टाका अस्तरातून जाऊ दे. नुसत्या तरटात घेतलेला टाका ओढला की भोक मोठं होतं.

काही जण चारही बाजूंना झालर सोडतात, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून कडेपासून ३ सेंटिमीटर आत शिवतात आणि बाहेरचे धागे मोकळे करतात. दिसायला सुंदर, पण झालर महिनोन्‌महिने वाढत जाते आणि एक दिवस टिपेपर्यंत पोहोचते. मुख्य टिपेच्या बाहेर ३ मिलिमीटरवर दाट झिगझॅग घाला आणि झालर तिथपर्यंतच सोडा. या प्रकारात अस्तर आणि पाठ दोन्ही झिगझॅगच्या अगदी जवळ कापा, नाहीतर झालरीतून पांढरं कापड डोकावतं.

चहाचे डाग, काळा रंग आणि गंज

जुनाट रंग येण्यासाठी पांढरं कापड चहात बुडवायचं असेल तर ते कापण्याआधी बुडवा. १ लिटर उकळत्या पाण्यात चार मोठे चमचे चहापूड, दहा मिनिटांनी गाळून घ्या. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, मग चहात २० ते ३० मिनिटं ठेवा. वाळल्यावर रंग हवा तेवढा गडद राहत नाही, म्हणून पाण्यात दिसतो तो अंदाज धरू नका. ठिपकेदार डाग आले तर खळ पुरती निघालेली नाही. कडा गडद आणि मध्य फिका आला तर कापड दोरीवर टांगून वाळवलंय. पाणी वाळत जाणाऱ्या कडेकडे सरकतं आणि रंग बरोबर नेतं. आडवं पसरून वाळवा, मधून एकदा उलटा. चहात साखर किंवा दूध असता कामा नये, मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचा मुलामा असलेलं घ्या. लोखंडी कढईत कापड राखाडी-काळं पडतं, कारण चहातलं टॅनिन लोखंडाशी मिसळून काळा रंग तयार करतं. याच कारणाने चहात रंगवलेल्या उशीवर गंजलेल्या सेफ्टी पिना, घुंगरू किंवा तार लावली आणि दमट हवा लागली, की तिथे काळे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. गंजलेलं काही लावायचंच असेल तर आधी त्यावर पारदर्शक वार्निशचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

काळ्या मांजराचा रंग आजूबाजूला पसरणं ही वेगळी अडचण. ओल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा काळ्या कापडावर ठेवून दहा सेकंद इस्त्री दाबा. पांढऱ्यावर रंग उतरला तर ते काळं कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा. तरीही उतरत असेल तर ते वापरू नका. उशी पूर्ण झाल्यावर वाफेची इस्त्री फिरवली आणि रंग उतरला, तर तो काढण्याचा खात्रीचा मार्ग नाही.

अक्षरं आणि रंगकाम फुटणं

छापा ठेवून तरटावर लिहिताना रंग धाग्यांच्या बाजूने पळतो. रंगात पाणी अजिबात घालू नका. ॲक्रिलिक रंगात कापडासाठीचं माध्यम (फॅब्रिक मीडियम) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा, ब्रश जवळजवळ कोरडा करा आणि घासण्याऐवजी सरळ टोचत रंग लावा. छाप्याच्या कडेवर आधी नुसत्या माध्यमाचा पातळ हात देऊन वाळवला की भोकं थोडी बुजतात आणि कड स्वच्छ येते. अक्षराची उंची ४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि रेघ ८ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवली तर विणीत अक्षर ओळखू येत नाही. छोटी अक्षरं हवीच असतील तर ती मांजरपाटाच्या पट्टीवर लिहा आणि पट्टी तरटावर शिवा. २४ तास वाळल्यावर उलट बाजूने कोरडी इस्त्री द्या.

आधीच उसवलेली उशी दुरुस्त करताना

आतली उशी काढा, अभ्रा उलटा करा. उसवलेल्या जागेपेक्षा दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर जास्त लांबीच्या, ४ सेंटिमीटर रुंद मांजरपाटाच्या दोन पट्ट्या घ्या. शिवणीच्या दोन्ही अंगांना बाहेरून एकेक पट्टी ठेवा आणि जुन्या शिवणीच्या आत १ सेंटिमीटरवर, सगळे थर धरून, नवी टीप मारा. टोकांना ती हळूहळू जुन्या टिपेला मिळवा, एकदम थांबवू नका, नाहीतर पुढची फट तिथेच पडते. एक बाजू उसवली असेल तर बाकीच्या तीन बाजूंचे धागेही सरकायला लागलेले असतात, म्हणून चौफेर पट्टी लावणं शहाणपणाचं. अभ्रा २ सेंटिमीटरने लहान होतो. आतली उशी दाबली जात असेल तर तिची एक शिवण उघडून थोडा भराव काढून घ्या.

ओला हात फिरवून पुसण्यापलीकडे ही उशी धुऊ नका. हॅलोवीन झाल्यावर ठेवण्याआधी ती एक दिवस मोकळ्या हवेत पूर्ण कोरडी करा, सुती पिशवीत आडवी ठेवा, वर ओझं नको. प्लास्टिकमध्ये अडकलेल्या ओलाव्याने तागाला बुरशी धरते, आणि बुरशी लागलेला धागा अस्तर असूनही तुटतो. लोकरीचं फेल्ट लावलं असेल तर कसर लागू नये म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडून झटका. आणि ताग झटकन पेट घेतो, त्यामुळे भोपळ्यात खरी मेणबत्ती लावणार असाल तर या उशा तिच्यापासून चांगल्या लांब ठेवा.